विटाळातली तुळस

तुळशीचं पहिलं पान पिवळं पडलं, तेव्हा भागाबाईने झाडाकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं. कोकिळा लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या त्या घरात आली, त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. म्हणजे पायगुणावर बोट ठेवायला अगदी योग्य मुहूर्त!

मग पानांच्या कडा करपल्या. पानं आत वळून चुरगळल्यासारखी दिसू लागली. भागाबाईची झोप उडाली. बाई दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. प्लेगाच्या साली तिच्या कुंडीतली तुळस अशीच वाळली होती आणि त्याच महिन्यात नवरा गेला, पाठोपाठ थोरला मुलगा गेला. आता उरला होता एकटा पंडित, कापसाच्या जिनात कामाला जाणारा, कोकिळेचा नवरा. तुळस गेली की पंडितही जाणार, हे तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

"बाहेर बसली व्हती तवा तुही सावली पडली तिच्यावर," ती सुनेला म्हणाली. "सच्ची बोल."

"नही पडली, आत्याबाई. मी मांगच्या आंगनातून हाललीच नही."

हे खरंच होतं. महिन्याचे चार दिवस कोकिळा मागच्या अंगणात छपराखाली काढायची, चौकातल्या कुंडीच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही. पण खरं ऐकायला कान मोकळे लागतात. भागाबाईने निंबोल्याला, कोकिळेच्या माहेरी, निरोप धाडला, गुरुवारी गाडी घेऊन या आणि मुलीला घेऊन जा. पंडित खाली मान घालून जिनात निघून गेला. तो दुसरं काही करेल अशी आशा कोकिळेलाही नव्हती. पायगुणापायी परत गेलेली मुलगी पुन्हा नांदायला येत नसते, जन्मभर भावजयीच्या उंबऱ्यात बसते. तिला रात्रंदिवस तो उंबरा दिसायला लागला.

बुधवारी सासू न्हाणीत गेलेली पाहून ती कुंडीपाशी बसली. केळीच्या बागेत वाढलेली मुलगी होती ती, पान कसं बघायचं ते तिला माहीत होतं. पान उलटून पाहिलं, मावा नव्हता, जाळी नव्हती. खोड नखाने खरवडलं तर आतून हिरवं होतं. माती हुंगली, कुजल्याचा वास नव्हता. करपली होती ती खालची जुनी पानं, आणि तीही कडेकडून. मग कुंडीच्या काठाला आतून बसलेला पांढरा थर दिसला. तिने तो बोटावर घेतला आणि जिभेला लावला. खारट लागला.

हे मीठ कुठून आलं ते तिला लगेच कळलं. लग्नात तिच्या मायने रुखवतात चिंचेचा मोठा गोळा दिला होता. त्याआधी भागाबाई देव राखेने घासायची. चिंच आल्यापासून ती रोज सकाळी चिंच-मीठ लावून तांब्या-पितळेचे देव लखलखीत करायची. शेजारणी पाहून थक्क व्हायच्या. देव धुतलेलं पाणी पायदळी येऊ नये, म्हणून ते थेट तुळशीला! सहा महिने तुळस रोज मिठाचं पाणी पीत होती, तेही हात जोडून पाजलेलं. आणि बोल लागला सुनेला; वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते असं.

पण हे सांगायचं कोणत्या तोंडाने? देवाच्या पाण्याने तुळस मरते, असं सुनेने म्हणायचं? आणि सासू म्हणाली, मीठ तूच टाकलंस, तर?

कोकिळेकडे आणखी एक पुरावा होता आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. मागच्या अंगणात, छपराच्या कडेला, फुटक्या मडक्यात तिने तुळशीचं एक रोप लावलं होतं. याच कुंडीतल्या मंजिरीचं बी होतं ते. बाहेर बसलेल्या दिवसांत बोलायला कोणी नसायचं, म्हणून ती त्या रोपाशी बोलायची, आपल्या तांब्यातलं पाणी त्याला घालायची. तुळशीला, विटाळात! हे बाहेर आलं तर सावलीचा नुसता संशय राहणार नव्हता. आगीतून उठून फुफाट्यात.

गुरुवारी गाडी दारात उभी राहिली. सुकलाल, तिचे वडील, चौकात खाली मान घालून बसले. भागाबाईने सुनेचं गाठोडं स्वतःच बाहेर आणून ठेवलं.

कोकिळा मागे गेली आणि मडकं उचलून घेऊन आली. रोप वीतभर वाढलं होतं, हिरवंगार.

"हे मी लावलं," ती म्हणाली. "बाहेर बसली व्हती तवा. माह्या हातानं पानी घातलं. चारी दिवस, दर महिन्याले. माही सावली यावर पडत व्हती, आत्याबाई. पाहा, मेलं का?"

"चूप बस, पोरी!" सुकलाल ओरडून उठले. मुलगी आपल्या हाताने आपला गळा कापते आहे असं त्यांना वाटलं.

भागाबाईचा हात वर गेला. कोकिळा मागे सरली नाही.

"मारा. पन आधी कुंडीतली माती जिभेले लावा."

"काहून लावू?"

"खारी हाये."

"मंग मीठ तूच टाकलं असशीन!"

याच शब्दांची कोकिळा वाट बघत होती. तिने कुंडीतली वरची माती उकरली आणि सासूपुढे तळहात धरला. मातीत चिंचेचे धागे होते, काळपट, केसांसारखे गुंतलेले. त्या घरात देवांना भागाबाईशिवाय कोणी हात लावत नव्हतं. तसा तिचाच हुकूम होता.

भागाबाईने चिमूटभर माती तोंडात टाकली. मग ती खाली बसली आणि तिने विचारलं, "म्हंजे... पंडितले काही नही व्हनार?"

कोकिळेला इतका राग आला की तोंड फिरवून गाडीत जाऊन बसावंसं वाटलं. आपला संसार मोडत होता आणि हिला अजून मुलाचंच पडलं आहे! पण म्हातारीच्या ओठाला माती लागलेली होती आणि डोळे लहान पोरासारखे झाले होते.

"नही व्हनार, आत्याबाई," ती म्हणाली.

"बैल सोडा, याही," भागाबाई व्याह्यांना म्हणाली. "जेवून जा."

माफी? सासूने सुनेची माफी मागायची रीत तेव्हा बुऱ्हाणपुरात नव्हती. आता तरी कुठे आहे! कुंडीतली माती बदलली आणि मडक्यातलं ते रोप भागाबाईने स्वतः तिच्यात लावलं. पुढच्या महिन्यात कोकिळेला पुन्हा मागच्या अंगणातच बसवलं आणि संध्याकाळी त्याच रोपापुढे दिवा लावून हात जोडले. कोकिळेला ते मागून दिसत होतं. तिला हसू आलं, आणि मग बराच वेळ रडू आवरलं नाही.

पुढे कोकिळा म्हातारी होईपर्यंत सिंधीपुऱ्यातल्या बायका पिवळी, वळलेली पानं पदराला बांधून तिच्याकडे यायच्या. मोगऱ्याचं असो की तुळशीचं, ती पान लगेच हातात घ्यायची नाही. आधी विचारायची, "घरात बोल कोनाले लागते?"

बाई घुटमळायची आणि कुणाचं तरी नाव सांगायची, बहुतेक वेळा सुनेचंच.

"आधी तिले घरात घ्या," कोकिळाबाई म्हणायच्या. "झाड मंग पाहू."