भिंतींचं वावडं असलेले सर

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना भिंतींचं वावडं आहे. कुणाला वांग्यानं खाज सुटते, कुणाला धुळीनं शिंका येतात, तसं सरांना चार भिंतींच्या आत बसवलं की पाचव्या मिनिटाला त्यांचे पाय हलायला लागतात, दहाव्या मिनिटाला नजर खिडकीबाहेर जाते आणि पंधराव्या मिनिटाला अख्खी नववी त्यांच्या मागून गेटच्या बाहेर पडलेली असते. मी या शाळेत झाडलोट करते, घंटा देते, पाणी भरते. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की उसाच्या मधोमध आमची तीन मजली रंगीत इमारत दिसते. तिच्यातली सगळ्यात स्वच्छ खोली म्हणजे सरांचा वर्ग, कारण तिथे कुणी बसतच नाही. त्याचा सूड मात्र व्हरांडा माझ्यावर उगवतो. चाळीस पोरांच्या ऐंशी बुटांनी आणलेली काळी माती एकदा वाळली की खरवडून काढावी लागते. पहिल्या वर्षी मी मनातल्या मनात सरांना पुष्कळ शिव्या दिल्या. तोंडानं नाही. तोंडानं मी चांगलंसुद्धा काही बोलायची नाही.

सरांना काही विचारणं म्हणजे पायपीट ओढवून घेणं. इंग्रजीच्या नव्या बाई पुण्याकडच्या. त्यांनी एकदा डबा खाताना सहज विचारलं, "ऊस बुडख्याला जास्त गोड असतो की शेंड्याला?" दुसरा कुणी असता तर 'बुडख्याला' म्हणून पुढचा घास घेतला असता. सरांनी हातातली चपाती डब्यात परत ठेवली, बाईंना उठवलं, नववीला उठवलं आणि सगळी वरात शेजारच्या रानात नेली. प्रत्येक पोरानं एकेक ऊस घ्यायचा, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत एकेक कांडं चावायचं आणि चव लिहून काढायची. रानाचे मालक धावत आले. "सर, शिकवताय का तोडणी घेताय?" असं विचारून ते हसले, आणि मग स्वतःच कोयता घेऊन चांगले ऊस निवडून द्यायला लागले. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाच्या जिभा सोलवटलेल्या, त्यामुळे बाईंना कविता म्हणून घेता आली नाही. सरांना त्याचं वाईट वाटलं. पण थोडंच.

रस्त्यानं कारखान्याकडे जाणारा कुणीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. एकदा दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर थांबवून त्यांनी ड्रायव्हरला विनंती केली, की या दोन ट्रॉल्या मागं कशा घ्यायच्या ते मुलांना दाखवा. ड्रायव्हरनं डोक्याचा टॉवेल सोडून तोंड पुसलं. "सर, दोन ट्रॉल्या मागं घेता येत असत्या तर मी हितं असतो व्हय?" तरी तो पाऊण तास थांबला, आणि त्या का घेता येत नाहीत ते त्यानं पाण्याच्या बाटल्या दोरीनं बांधून इतकं छान समजावलं की पोरांनी टाळ्या वाजवल्या. जाताना मला म्हणाला, "मावशी, ह्ये सर पगारी हायत का हौशी?" मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

माझंही मत सर विचारायचे. "मावशी, उद्या पाऊस येईल का? मुंग्या काय म्हणतात?" मला उत्तर ठाऊक असायचं. सांगवीला माझं माहेर, चौथीनंतर माझं सगळं शिक्षण रानातच झालं. पण एवढ्या शिकलेल्या माणसाला मी काय सांगणार? मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभी राहायची. सर टाकीला म्हणायचे, "बरं, उद्या विचारतो."

मग पालकांची सभा झाली. वालचंदनगरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक साहेब उठले. इस्त्रीचे कपडे, बोलणं अगदी पुस्तकातलं. म्हणाले, "आम्ही मुलाला या शाळेत दारं धरायला पाठवलेलं नाही. त्याला आयुष्यात दारं धरावी लागू नयेत म्हणून पाठवलं आहे." दारं धरणं म्हणजे उसाला पाणी देताना खोऱ्यानं एका सरीचं तोंड मातीनं बांधायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. आमच्याकडे कित्येकांचं आयुष्य त्यात गेलं. त्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या. शेवटी संस्थेच्या अध्यक्षांनी निकाल दिला: पुढच्या शनिवारी पालकांसमोर दाखवा, बाहेर नेऊन पोरं काय शिकली. पटलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून सगळं शिक्षण वर्गात. सर "हो" म्हणाले. पण त्या संध्याकाळी ते रिकाम्या वर्गात बाकावर बसलेले दिसले, आणि मला पिंजऱ्यातला पोपट आठवला.

सरांनी दाखवायला दारंच निवडली. शाळेच्या मागं संस्थेचा अर्धा एकर ऊस आहे. मागच्या पाण्याच्या पाळीला पोरांनी घड्याळ लावून मोजलं होतं, की एक सरी भरायला अकरा मिनिटं लागतात. त्या हिशेबानं सरांनी पालकांच्या खुर्च्या खालच्या अंगाला, सरी संपते तिथे मांडल्या. घंटा झाली की पाणी सोडायचं, आणि बरोबर अकराव्या मिनिटाला ते अध्यक्षांच्या पायाशी हजर. मी सकाळी तिथे झाडायला गेले तेव्हा पाहिलं, पाळी लांबल्यानं रान भेगाळलं होतं. एकेका भेगेत माझा हात मनगटापर्यंत जात होता. असलं रान पाणी पुढं सोडत नाही, आधी स्वतः पितं. सरांना सांगावं म्हणून दोनदा त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा परत आले.

अकरा मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली. पाण्याचा पत्ता नाही. अध्यक्ष घड्याळ बघतात, साहेब मोबाईल बघतात, सर घाम पुसतात. शेवटी सरांनी घाईनं पाटाच्या पाण्यात बोअरचंही पाणी सोडलं आणि सगळ्या सऱ्यांची तोंडं एकदम फोडली. तेवढ्यात भेगा भरल्या. मग पाणी आलं ते असं आलं की पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचे पाय चिखलात रुतले, चपला तरंगायला लागल्या आणि एक आजी खुर्चीवर उभ्या राहून म्हणाल्या, "आगं बाय, सरानं उजनीच आणली की!"

खरी गंमत पुढंच. आमच्याकडच्या माणसाला डोळ्यांदेखत पाणी वाया जाताना बघवत नाही, मग तो कितीही शिकलेला असो. साहेबांनी मोबाईल बायकोच्या हातात दिला, विजार गुडघ्यापर्यंत सारली आणि पोराच्या हातातलं खोरं ओढलं. "आरं, आसं धरत्यात व्हय खोरं? आण हिकडं!" मागोमाग दहा-बारा बाप उतरले. आणि प्रत्येकाचं ज्ञान वेगळं.

"तिकडं फोडा!"

"न्हाय, हिकडं बांधा!"

"तात्या, तुमी गप बसा, तुमचा ऊस दरसाली वाळतोय!"

एकानं बांधलेलं दुसरा फोडत होता, पाणी वाढतच होतं. सर मधोमध उभे, चष्म्यावर चिखल. मी त्यांचा चेहरा बघितला. काय झालं मला अजून कळत नाही. मी टाकीवर चढले आणि ओरडले, "खाली काय मरताय? वरचं दार बांधा आदी! वरचं!"

मग साहेब "व्हय मावशी" म्हणून वर पळाले.

पाणी थांबलं तेव्हा एकही माणूस कोरडा नव्हता. अध्यक्षांनी पिंढऱ्यांवरचा चिखल झाडत पुढ्यातल्या मुलीला विचारलं, "पाणी वेळेवर का आलं न्हाय गं?"

ती म्हणाली, "आम्ही मोजलं तेव्हा रान ओलं होतं. आज भेगा होत्या."

"ह्ये पुस्तकात हाय?"

"नाही. आत्ताच कळलं."

अध्यक्षांनी पायानं ओली माती दाबून बघितली. मग सरांना म्हणाले, "चालू ठेवा. फक्त खुर्च्या लांब मांडा." साहेब तिकडं लेकाला खोरं धरायला शिकवत होते.

तेव्हापासून सरांचं बाहेर जाणं वेळापत्रकात बसलं. दर शनिवारी, शिक्क्यासकट. ऑफिसनं त्याचा एक फॉर्मही काढला आहे. त्यात आदल्या दिवशी लिहून द्यावं लागतं, की उद्या मुलं काय बघणार. सरांना हे काही केल्या जमत नाही. "न बघताच कसं लिहू?" म्हणतात आणि शुक्रवारी दुपारी फॉर्म घेऊन माझ्याजवळ पायरीवर येऊन बसतात. मी आता टाकीमागं जात नाही. कुणाची शेळी व्यायला झाली आहे, कुठल्या विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीनं खोपा बांधायला घेतला आहे, हे मी सांगते आणि सर त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहून घेतात. चौथी शिकलेल्या बाईचं बोलणं सहीशिक्क्यानं ऑफिसात जातं.

येत्या उन्हाळ्यात सर निवृत्त होतील. नवे कोण येतील, कसे असतील, ठाऊक नाही. कदाचित त्यांना फॉर्म आपला आपण भरता येत असेल. मला मात्र येता-जाता बघून ठेवायची सवय लागली आहे, आणि शुक्रवारपर्यंत ते सगळं ओठांपर्यंत आलेलं असतं.