तिसरी फेरी

कांता सकाळीच छावणीतल्या क्वार्टरच्या फाटकाशी मेथी निवडायला बसली. मेथीचं निमित्त, लक्ष सगळं रस्त्यावर. मॅरेथॉनला पंधराच दिवस उरले होते, आणि पलटणीच्या धावपटूंना तयार करणाऱ्या उस्तादांनी तिच्या नवऱ्याला, हवालदार मल्हारीला, बजावलं होतं, “आता अंतर कमी कर. छावणीच्या दोनच फेऱ्या. पाय ताजे राहू देत.”

गेल्या वर्षी त्यानं हे ऐकलं नव्हतं. हौसेनं पाच फेऱ्या मारल्या, पोटरीत लचक भरली आणि शर्यतीच्या दिवशी गडी घरी पाय शेकत बसला. यंदा तसं झालं तर पलटणीच्या संघातून नाव कायमचं जाणार होतं.

पहिली फेरी झाली. दुसरीही झाली. मल्हारी डावा पाय किंचित ओढत फाटकापुढून तसाच निघाला.

“अहो, झाल्या दोन!”

“एकच अजून!”

“थांबा म्हणते ना!”

कसलं काय! छावणीपलीकडे गुडगावच्या बाजूला नव्या इमारती उठत होत्या, तिकडे तोंड करून हा सुसाट. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण नवऱ्याचं नाव कांतानं उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. मांडीवरची मेथी सांडत ती उठली.

“मल्हारी! थांब!”

नळावरच्या बायका बादल्या विसरून बघत राहिल्या. मल्हारी जागच्या जागी खिळला. मग मान खाली घालून परत आला.

“सगळ्यांदेखत?” तो पुटपुटला.

“उद्या तिसरी मारा, आडनावासकट हाक मारते,” कांता म्हणाली आणि मेथी त्याच्यापुढे सरकवली. “बसा. निवडा.”