न खाल्लेला खर्रा मी कसा सोडला

सासरी मी बोलत नव्हते तेच बरं होतं बघा! लग्नानंतर दोन महिन्यांनी एकदाच तोंड उघडलं आणि जन्माची फजिती करून घेतली.

कुरखेड्याचं सासर. सकाळी ब्रश केला की माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं. सांगणार कुणाला? 'रोगी पोरगी गळ्यात बांधली,' म्हणतील. शिवाय मावशीच्या हिरड्या नागपूरला कापल्या होत्या. तेव्हापासून नुसती कात्री दिसली तरी मी ओठ मिटायची. मग रक्त येतं तिथं ब्रश लावायचाच नाही, असा शहाणा उपाय मी काढला. रक्त वाढलं!

एकदा मोरीतली लाल थुंकी सासूबाईंनी पाहिली.

"काऊन वो सूनबाई, खर्रा खातेस काय?"

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला आमच्या भागाचा मेवा. अर्धा जिल्हा तो गालात धरून फिरतो. मी विचार केला, व्यसन परवडलं, रोग नको! मान खाली घालून म्हटलं, "हो, आई."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. दुसऱ्या दिवशी 'हे' मला लुनावर बसवून ब्रह्मपुरीच्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. स्वतः मात्र लाजेनं बाहेरच्या बाकावर!

डॉक्टरांनी हिरडीजवळचा पांढरा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. अगं बाई! जत्राच भरलेली, वळवळणारी.

"हे सगळे मारायचे?"

"सगळे कशाले? धानाच्या बांधीत, पाणी भरल्या वावरात, बेडूक, मासोळी राहतेच ना? पाणी साचून कुजलं की मग वास मारते. तोंडाचंही तसंच. हिरडीच्या फटीत गर्दी साचू द्यायची नाई. रोज हळू ब्रश, दातांमधून दोरा. रक्त येते तिथं तर आधी!"

"आणि... कापायचं?"

"आता तर नाई. दातांवरचं कीटण काढून देतो, मग तीन महिन्यांनी पाहू."

तीन महिन्यांत मोरी पांढरी शुभ्र! सासूबाईंची छाती फुगली. रविवारी विहारात त्यांनी मला बायकांपुढे उभं केलं.

"माह्या सुनेनं खर्रा सोडला! सांग वो, कसा सोडला?"

काय सांगू? "रोज... दातांमधून दोरा फिरवायचा."

टाळ्या! दोघींनी तर तिथंच पदराचा धागा उपसला.

घरी येताना राहवलं नाही. "आई, खरं सांगू? मी खर्रा कधी खाल्लाच नाही."

सासूबाईंनी मायेनं पाठीवरून हात फिरवला.

"सारे खर्रा खाणारे असंच म्हणते, बाई. पण आता परत नको खाऊ!"