चवथीच्या पानांची शिरगणती

चष्मा पुसून तक्ता पुन्हा पाहिला, तरी तेच. लोकसंख्यावाढीत डिचोली वर, पेडणे खाली. हसावं की रडावं कळेना. अहो, मी स्वतः डिचोलीची! माहेर पाळीला. खाणी बंद पडल्यापासून आमच्या वाड्यावर हाक मारली तर ओ द्यायला माणूस नाही. पोरं सगळी पणजीला, फोंड्याला, नाहीतर आखातात. आणि तिकडे पेडण्यात विमानतळ आल्यापासून काजूच्या बागा जाऊन इमारती उठल्यात, त्या बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्यांच्या रांगाच रांगा लागल्यात. आणि म्हणे डिचोली वाढली! कुठून वाढली, खाणीतून?

सरकारी कचेरीत तक्ते करणं हे माझं काम. त्या खेपेला दोन तालुक्यांची तुलना मागितली होती, कारण द्यायला नवी अंगणवाडी एकच होती. ज्या तालुक्याच्या वाढीचा दर जास्त, तिकडे ती जाणार. तक्ता घेऊन मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, हे चूक आहे.

"बाई, आकडे ते आकडे," साहेब म्हणाले. "पेडणे केवढंसं! त्यात वाढून वाढणार किती?"

"साहेब, दर म्हणजे आधी होते त्यांच्या मानाने किती वाढले ते. लहान तालुक्यात थोडी माणसं आली तरी दर चढतो."

"मग चढला का नाही?"

असं डोकं फिरलं माझं! पण प्रश्न बरोबर होता, म्हणून तर जास्त राग आला. घरोघर फिरून भरलेल्या अर्जांचे गठ्ठे उपसायला बसले. पेडण्याच्या खोल्यांचे अर्ज एकापाठोपाठ एक सारखेच निघाले. "खोली बंद. कोणी नाही." जिथे कोणी भेटलं होतं, तिथे शेरा "घर बेळगावला" आणि वर काट. मोजणाऱ्याने विचारलं असणार, तुमचं घर कुठे? त्या बिचाऱ्यांनी खरं ते सांगितलं. वर्षानुवर्षं इथे राबतायत, पण घर म्हणजे गावचं. झालं, एका रेघेत माणसं गायब!

दुसऱ्या दिवशी रजा टाकून पेडण्याला गेले. जेवणाच्या सुट्टीत एक बाई भेटली, बेळगावकडची, डोक्यावरची चुंबळ तशीच. नवरा-बायको दोघं बांधकामावर. चार वर्षांची मुलगी दिवसभर खोलीत, दाराला बाहेरून कडी.

"कडी?" मी ओरडलेच.

"मग काय करू बाई? कामावर आणू देत न्हाईत. वरनं सळी पडली तर?" मग हळूच म्हणाली, "अंगणवाडी हुईल म्हंत्यात. हुईल काय?"

"माणसं लिहिली की होईल."

"मग लिवा की! तीन जीव हाय आमी. अजून कुणी लिवलंच न्हाई."

मी तीन लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली आणि सांगून बसले, "होईल." कुणी सांगितलं होतं मला शहाणपण करायला? पण तिचा चेहरा असा उजळला की शब्द मागे घेववेना.

पेडण्याचं कोडं सुटलं, डिचोलीचं राहिलं होतं. गठ्ठ्यात आमच्याच वाड्याचा अर्ज सापडला. माझ्या आईचं घर, माणसं अकरा. अकरा! आई एकटी राहते हो तिथे. तो अर्ज घेऊन तशीच बस पकडून पाळीला गेले.

"आई, अकरा कोणी सांगितले?"

"हांवें." तिने खोबरं किसता किसता सांगितलं. "चवथीक कितलीं पानां पडतात तें तुका खबर ना?"

तेव्हा उजेड पडला. आमच्याकडे भाऊ कुठेही पांगोत, चवथीचा गणपती एकच, मूळ घरात. जिथे गणपती तिथे घर. अख्ख्या वाड्याने चवथीला जेवायला बसणारी पानं मोजून दिली होती! इथून डिचोली वाढली होती.

"रोज पोदेराकडून पाव किती घेतेस?"

"दोन."

"अकरा माणसं दोन पावांत भागतात?"

"म्हणजे तुझ्या भावांक मी घरातल्यान काडून उडवूं?" किसणी तिने आपटलीच. "सरकारी नोकरी लागली म्हणून आपलींच माणसां खोडतलें तूं?"

मीही तोंड सोडलं. खूप बोललो दोघी, नको तेही बोललो. शेवटी त्या कडीची गोष्ट सांगितली.

"भायल्यान कडी?"

"हो."

"चार वर्सांचें चेडूं?"

"हो गं."

हात पदराला पुसून तिने पेन मागितलं. मी अकरावर काट मारून एक लिहिलं, त्यापुढे तिने सही केली. मग त्या "एक"कडे बराच वेळ बघत राहिली. मला तिथे थांबवेना.

पुढचे आठ दिवस वाड्यातली घरं आणि पेडण्यातल्या खोल्या मी पुन्हा पालथ्या घातल्या. नवा तक्ता झाला. पेडणे वर, डिचोली खाली, आणि तेही भरपूर खाली. साहेबांनी तो नीट वाचला. मान्यही केला, हेच तर दुखणं.

"बरोबर आहे तुमचं. पण अंगणवाडीचा आदेश परवाच गेला."

"मग फिरवा."

"फिरवायचा म्हणजे पहिला तक्ता चुकला असं लेखी द्यायचं. सही माझी आहे त्यावर. पुढच्या वेळी बघू, बाई."

पुढच्या वेळी! तोवर ती पोरगी शाळेच्या वयाची होईल.

अंगणवाडी पाळीला सुरू झाली. मुलं येतात दोन. त्यातलं एक पलीकडच्या वाड्यातलं. सेविका उंबऱ्यात बसून तांदूळ निवडते, आईशी गप्पा मारते. आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी फोन ठेवून दिला.

त्या बाईला तोंड दाखवायला हवं होतं. गेले एका दुपारी. कडी बाहेरून लावलेली, बाई कामावर. सुटल्यासारखं वाटलं, लाज वाटते सांगायला. वळणार, तर आत भांडं गडगडलं.

मी पत्र्याजवळ गेले. मोजणीत दारोदार जे विचारलं जातं तेच तोंडातून निघालं.

"बाळा, घरात कोण आहे?"

आतून तिच्या आईने पढवून ठेवलेलं उत्तर आलं, बारीक आवाजात, न चुकता.

"घरात कुणी न्हाई."