निळं कुठे संपलं, ते विजयाताईंनी पाहिलं होतं

सकाळी मुलुंडच्या घरी डबा भरत होते, तेव्हा विक्रोळीहून विजयाताईंच्या यजमानांचा फोन आला. ‘‘विजया गेली गं पहाटे...’’ एवढंच म्हणाले. रडू नंतर आलं. आधी एकच आठवलं. त्यांना सांगायची एक गोष्ट मी आठ वर्षं पुढे ढकलत आले होते, आणि आता ती ऐकायला माणूसच उरलं नव्हतं.

विजयाताई आमच्या प्रयोगशाळेत दगडांच्या स्लाइड करायच्या. समुद्रातल्या तेलविहिरीतून आलेल्या खडकाचा तुकडा निळ्या रेझिनमध्ये भिजवायचा, म्हणजे त्यातल्या रिकाम्या जागा निळ्या दिसतात. मग तो काचेवर चिकटवून आरपार उजेड येईपर्यंत घासायचा. मूळच्या मालवणकडच्या, बोलणं तुटक. मी भूशास्त्राची पदवी घेऊन नवी लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या की पुस्तकं तू वाचलीस, दगड मी बघितलेत, विचारत जा. मी मात्र फारसं विचारलं नाही.

चुनखडीत मॅग्नेशियमचं पाणी मुरत गेलं, की कॅल्शियमची थोडी जागा मॅग्नेशियम घेतं आणि तिचा डोलोमाइट होतो. नवे स्फटिक बऱ्याचदा कमी जागा व्यापतात, मध्ये फटी उरतात आणि त्यांत तेल साठतं. हे मला पाठ होतं. एका विहिरीच्या खालच्या थरात डोलोमाइट भरपूर होता, म्हणून तेल येतं का याची चाचणी तिथेच घ्यावी, असा अहवाल मी तक्त्यातले आकडे बघून साहेबांना देऊन टाकला. चाचणी एकाच थराची व्हायची होती. तो कोरडा निघाला असता तर विहीर सोडून देणार होते.

थर ठरवायच्या बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी विजयाताईंनी मला घासायच्या खोलीत बोलावलं आणि दोन स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावल्या. ‘‘वरच्या थरात बघ किती निळं आहे. आता खालच्यात बघ. निळं कुठेय गं?’’ नव्हतंच. डोलोमाइट तयार झाल्यावरही ते पाणी वाहत राहिलं होतं, आणि पुढचे स्फटिक त्याच फटींत वाढून त्या बुजवून बसले होते. डोलोमाइट जास्त, म्हणूनच जागा कमी... 

दुसऱ्या दिवशी मी अहवाल मागे घेतला आणि वरचा थर सुचवला. साहेबांनी विचारलं, हे कोणाच्या लक्षात आलं? मी म्हणाले, ‘‘माझ्या.’’ स्लाइड करणाऱ्या बाईचं नाव घेतलं तर कोणी ऐकणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर लाज वाटली होती.

चाचणीचा निकाल येईपर्यंत पुढचे तीन आठवडे घास उतरला नाही. विजयाताई रोज विचारायच्या, जेवलीस का. शेवटी वरच्या थरातून तेल आलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, पेढे वाटले. विजयाताईंनी एक पेढा उचलला आणि त्या कामाला निघून गेल्या.

त्यानंतर सांगायचं राहतच गेलं. घाटकोपरच्या इस्पितळात शेवटचं भेटायला गेले, तेव्हाही ठरवून गेले होते. पण विजयाताई प्रयोगशाळेत आलेल्या नव्या यंत्राबद्दल विचारत राहिल्या आणि मी उत्तरं देऊन परत आले.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेले आणि अखेर काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, सगळं सांगितलं. 

‘‘पेढे वाटले त्याच संध्याकाळी तिने सांगितलं होतं मला,’’ ते म्हणाले. ‘‘राग आला होता तिला. दोन दिवस धड जेवली नाही. मग म्हणाली, भित्री आहे पोरगी, पण बघायला शिकली.’’

काकांनी खिडकीपाशी ठेवलेलं तांदळाचं सूप ओढलं. विजयाताई भिंग लावून तांदूळ निवडायच्या, त्याशिवाय त्यांना चालायचंच नाही. आता मीच निवडतो, म्हणाले. मग माझ्याकडे न बघता सूप आणि भिंग त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. खिडकीच्या उजेडात मी दाणा दाणा बघत बसले. काकांनी निवडलेल्या तांदळात दोन खडे सापडले.