शुक्रवारी न येणारी बाई

तिसरी भाकर परातीत अर्धीच थापून झाली होती, तेवढ्यात खोलीतून भुजंग ओरडला, "गोजरे, त्या बाईला जात्यावरनं उठव!"

पिठाच्या हातांनीच गोजरबाई आत गेली. जात्यावर कोणी नव्हतं. नवरा भिंतीला टेकून बसला होता. जात्यावर कोणी बसलं असतं तर तोंड जिथं आलं असतं, नेमकी तिथं त्याची नजर खिळली होती.

"हिरवं लुगडं हाय," तो हळूच बोलला. "तोंड तेवढं न्हाई."

चार महिन्यांपूर्वी वाटूरहून येऊन भुजंग जालन्यात टेसनाजवळच्या तेलाच्या कारखान्यात लागला. घाण्यातून निघालेल्या पेंडीवर पाण्यासारखं एक औषध ओतायचं, की उरलंसुरलं तेलही सुटून यायचं. औषध हवेत उडून जाई, म्हणून खोलीची दारं-खिडक्या बंद. अंगाला कुजक्या मुळ्याचा वास येई. आधी डोकं दुखलं, मग जिभेची चव गेली. पुढं तो म्हणायला लागला, "पाय माझे न्हाईत, दुसऱ्या कुणाचे लावल्यात." अन् आता ही बाई.

सासूनं, चतुराबाईनं, पदर पसरून हात जोडले. "हिरवं लुगडं म्हंजी पिंपळगावची रेणुकाच. मंगळवारी नेऊन परडी घालू."

गोजरबाई हाताचं पीठ चोळून काढू लागली. एकदा नवऱ्याच्या गळ्यात परडी पडली की जन्मभर दारोदार जोगवा. पण देवीनं मागितलं तर न्हाई म्हणणारी ती कोण? मंगळवार-शुक्रवार उपास धरणारी बाई ती.

दुसऱ्या दिवशी भुजंग दुपारपर्यंत झोपला. उठून दोन भाकरी खाल्ल्या. "आमटीत मीठ जास्ती झालंय," म्हणून हसलासुद्धा. जात्याकडं त्यानं पाहिलंही न्हाई.

देव्हाऱ्यात वात लावताना गोजरबाईचा हात थांबला. आज शुक्रवार, देवीचा वार. गेल्या शुक्रवारीही बाई आली नव्हती. त्याच्या मागच्याही न्हाई. अन् कारखान्याला सुट्टी शुक्रवारचीच.

ती तडक कचरूच्या घरी गेली. भुजंगच्या आधी कारखान्याच्या त्या बंद खोलीत कचरू कामाला होता. तो अंगणात उन्हाला बसला होता. पायावर मुंगळा चढत होता, त्याला पत्ताच नव्हता.

त्याची बायको नंदाबाई बाहेर आली. गोजरबाई कुणाची, एवढं कळताच तिनं विचारलं, "तुमच्याकडं कुठं बसती?"

गोजरबाईनं बाईचं नावही काढलं नव्हतं.

"जात्यावर."

"आमची चुलीपाशी उभी ऱ्हायची. ह्यांनी काम सोडलं अन् महिन्यात गेली. पाय मातर माघारी आले न्हाईत, माय."

घरी येताच ती सासूपुढं बसली. "आत्याबाई, देवी आपल्याच वारी सुट्टी घेती का?"

"जीभ झडल तुझी, गोजरे!"

"झडू द्या. पण दोन महिने त्यांना कारखान्याच्या त्या खोलीत धाडायचं न्हाई. तरीबी ती आली, तर ह्याच हातानं परडी घालीन, अन् जोगवा पयला मी मागीन."

चतुराबाईनं जात्याकडं पाहिलं. "अन् ती तिथं बसून ऐकत आसल तर?" ती कुजबुजली.

"ऐकू द्या," म्हणत गोजरबाईनं डोक्यावरून पदर घेतला. कारखान्याच्या मुकादम रखमाजीच्या घरी जाऊन सांगायचं होतं, भुजंग उद्यापासून कामावर येणार न्हाई.