आमच्या लग्नाची फाइल

गेल्या मंगळवारी ह्यूस्टनच्या इमिग्रेशन ऑफिसमध्ये आमचं लग्न खरं आहे की नाही, याची परीक्षा झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी मांडीवर फाइल घेऊन, बोर्डाच्या पेपरला बसावं तशी बसले होते...

थोडं मागचं सांगते. मी सांगलीत तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आई-वडिलांची आजारपणं काढता काढता माझं लग्न राहूनच गेलं.

श्रीकांतची बहीण माझ्याच शाळेत शिकवायची. श्रीकांत ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहतात, रिटायर्ड इंजिनिअर. पत्नी जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. बहिणीने आमची फोनवर ओळख करून दिली, वर्षभर बोलणं झालं, मग ते सांगलीला येऊन मला भेटले... आणि सत्तावन्नाव्या वर्षी मी चक्क फियान्से व्हिसावर, म्हणजे तिथे जाऊन लग्न करायच्या बोलीवर, अमेरिकेत उतरले.

लग्न कोर्टात झालं. चार मित्र, एक केक, दोन हार. श्रीकांतचा एकुलता एक मुलगा निखिल दूर वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडला असतो. तो आला नाही. काम आहे म्हणाला. खरं कारण आम्हाला दोघांनाही कळलं होतं, पण ते कुणी बोललं नाही.

मग ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूची तारीख आली आणि आमची वकील, एक तरुण मुलगी, कामाला लागली. जॉइंट अकाउंट, लाइट बिल, इन्शुरन्स, फोटो... फोटो मोजून चौदा निघाले, त्यातल्या सहांत श्रीकांतचे डोळे मिटलेले.

तिने व्हिडिओ कॉलवर आमची प्रॅक्टिस घेतली. बेडच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, असं विचारलं. श्रीकांत म्हणाले, डावीकडे. मी त्याच क्षणी म्हणाले, हे घोरतात, मी दुसऱ्या खोलीत झोपते. ती खूप हसली, मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, जे आहे तेच सांगा, एक अक्षरही बनवून सांगू नका.

कॉल संपता संपता तिने विचारलं, लग्न खरं असल्याची मित्रांची पत्रं आहेत, पण घरच्या कुणाचं मिळेल का? मुलाने लिहिलं तर फार चांगलं.

श्रीकांत म्हणाले, त्याला कशाला त्रास... आणि फोटो पुन्हा क्रमाने लावत बसले. ते विचारणार नव्हते. नकार ऐकायची भीती वाटत होती त्यांना. मलाही वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ते लायब्ररीत गेले तेव्हा मी निखिलला फोन केला. तोपर्यंत आमचं बोलणं म्हणजे श्रीकांतनी फोन माझ्या हातात द्यायचा आणि आम्ही एकमेकांना हवामान विचारायचं. मी पत्राचं सांगितलं. तो इंग्लिशमध्ये म्हणाला, काय लिहायचं मला खरंच माहीत नाही.

"नाही लिहिलंस तरी चालेल," मी म्हणाले. "पण लिहिलंस तर खरं लिही. छान छान लिहू नकोस."

तो ओके म्हणाला आणि फोन ठेवला. मी श्रीकांतना काही सांगितलं नाही.

आठ दिवसांनी पाकीट आलं. एका पानाचं नोटराइज केलेलं पत्र. श्रीकांतनी पहिली ओळ वाचली, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे दिला. "तू वाच."

निखिलने लिहिलं होतं, मी या लग्नाला गेलो नाही. वडील चूक करताहेत असं मला वाटत होतं. आई गेल्यापासून ते रोज संध्याकाळी साडेसहाला मला फोन करायचे. लग्नानंतर ते फोन कमी झाले. मी केला तर उचलायचे नाहीत, कारण त्या वेळी दोघं घराजवळच्या तळ्याभोवती फिरायला गेलेले असतात. मला याचा फार राग यायचा. मला अजूनही या सगळ्याची पूर्ण सवय झालेली नाही. पण हे लग्न खरं आहे, हे मी शपथेवर सांगू शकतो. आता मी साडेसातला फोन करतो.

वाचून झाल्यावर श्रीकांत मागच्या दारी गेले आणि त्या उन्हात टोमॅटोंना कितीतरी वेळ पाणी घालत राहिले. आत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मला वाटायचं, तो बिझी असतो म्हणून उशिरा करतो."

इंटरव्ह्यू वीस-पंचवीस मिनिटांचा. ऑफिसर बाई आमच्याच वयाच्या. कसे भेटलात, घरात स्वयंपाक कोण करतं, लग्नाला कोण कोण होतं, असं विचारत गेल्या. मुलगा नव्हता, असं श्रीकांतनी सरळ सांगितलं. मग बाईंनी निखिलचं पत्र शेवटपर्यंत वाचलं, आणि श्रीकांतना म्हणाल्या, तुमचा मुलगा प्रामाणिक आहे. श्रीकांतनी नुसती मान हलवली.

परवा केस अप्रूव्ह झाल्याचा मेसेज आला. श्रीकांतनी मिठाई आणली, मी शेजारच्या काकूंना देऊन आले. खरं सांगायचं तर त्या सरकारी कागदांबद्दल मला आता प्रेमच वाटतंय. त्यांच्यासाठी ते पत्र मागावं लागलं नसतं, तर आम्ही तिघं अजून हवामानावरच बोलत बसलो असतो...

निखिल, तुला मराठी वाचता येत नाही, म्हणजे हे तू ट्रान्सलेट करून वाचशील. थँक यू. मला काय हाक मारायची, हे तुझं अजून ठरत नाहीये, ते माझ्या लक्षात आलंय. सावकाश ठरव... आता मी इथेच आहे.